गाईंना यीस्ट : दूध खरंच वाढतं की नुसतं पुडीचं बिल?

निफाड_कालवा
नमस्कार मंडळी. गाई संकरित एचएफ (होल्स्टीन), वजन साधारण ४०० किलो, दूध १४ ते १८ लिटर, ताज्या व्यालेल्या २० च्या पुढे. एका गाईचा दिवसाचा आहार असा: मका मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा मका) १५ किलो, उसाचं वाढं (उसाचे शेंडे) ५ किलो, सोयाबीनचं भुसकट १ किलो, गोळी पेंड ५ किलो, मक्याचा भरडा दीड किलो, सरकी पेंड १ किलो, खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. पेंड आणि भरडा दोन्ही धारांच्या वेळी अर्धा-अर्धा. खाता सोडा ५० ग्रॅम, तोही फक्त उन्हाळ्यात.

फॅट ३.२ च्या आसपास, ऊन चढलं की ३.० ला टेकतं. विक्रेता म्हणतो यीस्ट चालू करा, दोन लिटर वाढतील आणि फॅटही चढेल. तीन पुड्या दाखवल्या. एकीवर 'लाइव्ह यीस्ट', दुसरीवर 'यीस्ट कल्चर', तिसरीत यीस्टसोबत जीवनसत्त्वं, लिव्हर एक्स्ट्रॅक्ट आणि आणखी बरंच काही. भाव तिन्हींचे तीन तऱ्हेचे. नेमकं कोणतं घ्यायचं, किती द्यायचं, कशात मिसळायचं, आणि दोन लिटर हा आकडा खरा का?

मखमलाबादी
विक्रेत्याचे दोन लिटर आणि उमेदवाराचं आश्वासन एकाच मापाने मोजावं.
बाकी जाणकार सांगतीलच.

पशुवैद्य_येवला
निफाडकर भाऊ, आधी आकड्याचं बघू. २००९ साली यीस्टवरच्या बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात सरासरी वाढ निघाली दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम दूध. तुमच्या ४०० किलोच्या गाईला ते ४८० ग्रॅम होतं, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. फॅटमध्ये वाढ ०.०५, म्हणजे डेअरीच्या स्लिपवर अर्धा पॉइंट (०.१ चा एक पॉइंट). २०१२ मध्ये फक्त यीस्ट कल्चरच्या प्रयोगांचं असंच विश्लेषण झालं, त्यात वाढ दिवसाला १.१८ किलो आली. पण त्या गाई परदेशातल्या, वजनाने आणि दुधाने तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. आपल्याकडे अर्धा ते एक लिटर धरून चाला. दोन लिटर वाढले असं कुणी म्हणालं तर त्या आठवड्यात आहारात आणखी काय बदललं ते विचारा.

आता हे काम कसं करतं. कोटीपोटात (गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) तंतू पचवणारे जे जिवाणू असतात त्यांना प्राणवायू चालत नाही. तरी चाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, रवंथ गिळताना थोडा प्राणवायू आत जातोच. जिवंत यीस्ट तो पटकन वापरून टाकतं, मग हे जिवाणू जोमाने कामाला लागतात. दुसरं, भरडा-पेंड भरपूर असली की पोटात लॅक्टिक आम्ल साठतं. ते आम्ल खाणारे जिवाणू वेगळे असतात, आणि त्यांना यीस्टकडून वाढीला लागणारे घटक मिळतात. त्यामुळे सामू (पीएच) एकदम खाली कोसळत नाही. त्याच २००९ च्या विश्लेषणात हेही दिसलं होतं की आहारात खुराकाचं (पेंड-भरड्याचं) प्रमाण जितकं जास्त, तितका सामूवरचा परिणाम जास्त.

म्हणून यीस्टला दूध वाढवायचं औषध समजू नका. पोट बिघडतंय तिथे ते फरक पाडतं. पोट मुळातच ठीक असेल तर पैसे शेणात.

आणखी एक, यीस्ट कोटीपोटात वस्ती करत नाही. एक-दोन दिवसांत पुढे निघून जातं. त्यामुळे रोज द्यावं लागतं. आठवड्यातून दोनदा 'डोस' देण्याला काही अर्थ नाही.

हिशेबनीस
डॉक्टरांच्या आकड्यावर हिशेब मांडतो. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ला ३० रुपये दर धरा.
वाढ ४८० मिली = १४ रुपये ४० पैसे.
यीस्टचा खर्च, समजा ६०० रुपये किलोची पुडी आणि दिवसाला १० ग्रॅम = ६ रुपये.
यीस्टने गाय थोडं जास्त खाते. त्याच विश्लेषणात ते दर किलो वजनामागे ०.४४ ग्रॅम कोरडा चारा आहे, म्हणजे ४०० किलोला पावणेदोनशे ग्रॅम. किलोला २० रुपयांनी साडेतीन रुपये.
हाती उरले पाचेक रुपये, गाईमागे, दिवसाला. दहा गाईंचे महिन्याला दीड हजार. वाईट नाही, पण वाढ अर्ध्या लिटरऐवजी पाव लिटर झाली की खिशातून जातात. भाकड आणि आठ लिटरवाल्या गाईला द्यायचं तर सरळ तोटा.

दिंडोरी_मळा
एक शंका. आमच्या भागात वाइनरी भरपूर. जानेवारी ते मार्च गाळप चालतं, टाक्यांच्या तळाला जो गाळ बसतो तो म्हणजे यीस्टच ना? फुकट मिळत असेल तर पुडी कशाला?

मखमलाबादी
दिंडोरीच्या गाई आता धार काढताना चिअर्स म्हणणार.

कांडीवाला
दिंडोरीकर, तो गाळ म्हणजे मेलेलं यीस्ट, टार्टरचे खडे, द्राक्षाचा गर आणि अजून मुरलेलं मद्य. त्यातलं यीस्ट दारूत राहून निकामी झालेलं असतं, त्यामुळे वर डॉक्टरांनी सांगितलेलं जिवंत यीस्टचं काम त्यातून होत नाही. प्रथिनं मिळतील थोडी. पण पातळ असतो, ऊन लागलं की एका दिवसात आंबतो, आणि बागेवर मारलेल्या औषधांचे अंश कुठे किती राहिले ते तपासल्याशिवाय कळत नाही. शेळ्या-मेंढ्यांना तर देऊच नका, मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही आणि द्राक्षावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किती पडतं ते तुम्हाला सांगायला नको.
द्राक्षाचा चोथाही असाच. बियांत काष्ठ आणि टॅनिन, हे टॅनिन प्रथिनं बांधून ठेवतं. दुष्काळात पोट भरायला थोडा चालेल, दूध वाढवायला नाही.
बीअर कारखान्याचा ओला भुसा ही निराळी वस्तू. तो सातूचा उरलेला भाग, यीस्ट नव्हे. चांगलं खाद्य आहे, पण उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. बुरशीचा भुसा खाऊन गाई थरथरतात, मागच्या पायातली ताकद जाते.

पशुवैद्य_येवला
कांडीवाले दादांनी बरोबर सांगितलं. आता मूळ प्रश्नातल्या तीन पुड्या.

लाइव्ह यीस्ट: जिवंत पेशी सुकवलेल्या. किती जिवंत आहेत तो आकडा सीएफयूमध्ये लिहिलेला असलाच पाहिजे.
यीस्ट कल्चर: धान्याच्या माध्यमावर यीस्ट वाढवून ते माध्यमासकट सुकवलेलं. इथे जिवंत पेशी महत्त्वाच्या नसतात, आंबताना तयार झालेले पदार्थ महत्त्वाचे. मात्रा म्हणून मोठी, उत्पादनानुसार १४ ते ५६ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त.
तिसरी पुडी: सगळ्याची खिचडी. यीस्ट किती ते लिहिलेलं नसेल तर ती जागच्या जागी ठेवा.

मेडिकलमध्ये अपचनाला मिळणारा यीस्टचा बोलस (मोठी गोळी) हा चौथा प्रकार. गाय चारा सोडते तेव्हा एक-दोन दिवसांपुरता. रोजच्या खुराकासाठी तो नाही.

कांडीवाला
लेबल कसं वाचायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते.

जिवंत यीस्टची गाईची दिवसाची गरज साधारण १० ते २० अब्ज सीएफयू. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. पुडीवर 'प्रति ग्रॅम २० अब्ज' असेल तर अर्धा ते एक ग्रॅम पुरतो. 'प्रति ग्रॅम ५ अब्ज' असेल तर २ ते ४ ग्रॅम. 'प्रति ग्रॅम १ अब्ज' असेल तर १० ते २० ग्रॅम. म्हणजे भाव किलोला बघायचा नाही, एका गाईच्या एका दिवसाला किती पडतं ते बघायचं.

खरी गोम 'प्रति किलो' मध्ये असते. मोठ्या अक्षरात ५००० कोटी लिहायचं आणि खाली बारीक अक्षरात प्रति किलो. ५००० कोटी प्रति किलो म्हणजे ग्रॅमला ५ कोटी. विक्रेत्याने सांगितलेले १० ग्रॅम दिले तर ५० कोटी पोटात गेले. लागतात निदान १००० कोटी. म्हणजे विसावा हिस्सा. असली पुडी देऊन 'यीस्टने काही होत नाही' म्हणणारे बरेच.

दुसरं, स्ट्रेनचा (यीस्टच्या वाणाचा) क्रमांक. सीएनसीएम आय-१०७७, सीबीएस ४९३.९४ असे क्रमांक असतात. नुसतं 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' एवढंच असेल तर ते पावाचं आहे, दारूचं आहे की जनावरासाठी निवडलेलं, काहीच कळत नाही.
तिसरं, सीएफयूचा आकडा उत्पादनाच्या दिवशीचा की मुदत संपेपर्यंतचा. चांगला कारखाना मुदतीपर्यंतची हमी देतो.

आणि गोळी पेंडीच्या पोत्यावर 'यीस्टयुक्त' लिहिलं म्हणून खूश होऊ नका. कांडी पाडताना वाफेने माल ७०-८० अंशांवर जातो. साधं जिवंत यीस्ट तिथेच संपतं. उष्णता सोसणारं, आवरण दिलेलं यीस्ट वेगळं मिळतं आणि महाग असतं. ते वापरलं असेल तर कारखाना तसं अभिमानाने छापतोच.

कसमादे_गोठा
भो, आमनाकडे मे महिनामा ४३ अंश ऱ्हास. त्यात यीस्टबिस्ट काय टिकतंय.
माझं मत स्पष्ट आहे. खाता सोडा स्वस्त, कुठेही मिळतो, आम्ल मारतो. निफाडकर ५० ग्रॅम देतात तो १०० ते १५० करा, फॅट चढेल. यीस्टचे सहा रुपये वाचवा आणि फॉगरला (पाण्याचं धुकं मारणारं यंत्र) लावा.

पशुवैद्य_येवला
कसमादेकर, सोडा वाढवा हे अगदी मान्य. ५० ग्रॅम म्हणजे नुसती हजेरी. पण 'यीस्टऐवजी सोडा' हे मान्य नाही, दोघांची कामं वेगळी.

सोडा तयार झालेलं आम्ल मारतो. यीस्ट आम्ल साठू नये म्हणून आधी काम करतं. आणि उन्हात गाय धापते तेव्हा श्वासावाटे कर्बवायू जास्त जातो. तोल राखायला मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं, लाळेत ते कमी पडतं. शिवाय तोंड उघडं ठेवून लाळ गळते ती वायाच. वर दुपारभर खात नाही आणि संध्याकाळी गार झालं की अधाशासारखी पेंड खाते. म्हणून उन्हाळ्यात फॅट पडतं. या दिवसांत सोडाही लागतो आणि यीस्टचा फायदाही सगळ्यात जास्त दिसतो.

एक जागा अशी आहे जिथे सोडा चालतच नाही: व्यायच्या आधीचे तीन आठवडे. त्या वेळी सोडियम वाढवलं तर व्याल्यावर मिल्क फिवरचा (रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार) धोका वाढतो. गाभण गाईचा सोडा बंद, यीस्ट चालतं. फॉगरच्या बाबतीत मात्र शंभर टक्के सहमत, पंखा सोबत असेल तर. नुसता फॉगर बंद शेडमध्ये दमटपणा वाढवतो.

कसमादे_गोठा
गाभणच्या सोड्याचं माहीत नव्हतं कुणालाच इकडे. बरं झालं लिहिलं.
टिकण्याच्या प्रश्नाचं काय पण? शेडच्या पत्र्याखाली दुपारी हात लावता येत नाही.

कांडीवाला
पत्र्याखाली ठेवायचंच नाही. घरात, कोरड्या जागी, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. सुकं यीस्ट ओल आणि उष्णता दोन्ही एकत्र आली की भराभर मरतं. ओल्या हाताने किंवा ओल्या चमच्याने काढू नका.

आणखी तीन ठिकाणी ते मरतं. शिजवलेल्या, वाफाळत्या आंबोणात टाकलं की. आंबोण हाताला कोमट लागेल इतकं निवल्यावरच टाका. खनिज मिश्रणात महिनाभराचं एकदम मिसळून ठेवलं की, कारण तांब्या-जस्ताचे सल्फेट आणि हवेतली ओल. मिसळायचं तर रोजच्या रोज. आणि बुरशीनाशक औषध चालू असेल तेव्हा. जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स मात्र यीस्टला मारत नाहीत, यीस्ट जिवाणू नाही.

सटाणा_ताई
१ ग्रॅम, २ ग्रॅम दहा गाईंना वाटायचं कसं? चिमटीने दिलं तर एकीला तिप्पट, दुसरीला काहीच नाही.

कांडीवाला
ताई, चिमूट विसरा. दहा गाईंचा दिवसाचा डोस वजनकाट्यावर एकत्र मोजा. सोनाराचा छोटा काटा चांगला. समजा ३० ग्रॅम. ते आधी तेवढ्याच गव्हाच्या भुशात कालवा, मग १०० ग्रॅमभर भुसा घालून कालवा, मग एकूण १ किलो होईपर्यंत. टप्प्याटप्प्याने वाढवलं की सारखं पसरतं, एकदम किलोभर भुशात टाकलं तर गठ्ठे राहतात. मग प्रत्येक गाईच्या पेंडीवर १०० ग्रॅम. एक वाटी ठरवून घ्या. आज कालवलेलं आजच संपवा.
गव्हाणीत मुरघासावर सगळ्यांचं मिळून टाकलं तर दांडगी गाय दुसरीचं खाते. मुक्तगोठ्यात ही अडचण जास्त, तिथे धारेच्या वेळी पेंडीवरच द्या.

येवला_मका
पुडी जिवंत आहे की मेलेली ते घरी तपासता येतं का?

कांडीवाला
लाइव्ह यीस्टचं येतं. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास कोमट पाणी (बोट सुखाने ठेवता येईल इतकं), एक चमचा साखर, एक चमचा पावडर. ढवळून झाकून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस धरला पाहिजे आणि ताज्या पावाचा वास आला पाहिजे. पावडर टाकल्याटाकल्या फसफसली तर ते यीस्ट नव्हे. यीस्टला वेळ आणि साखर दोन्ही लागतात. लिंबू पिळून बघू नका, त्यात चुनखडीची भर असली तरी फसफसेल. यीस्ट कल्चर फेसाळलं नाही तरी ते खराब ठरत नाही. ग्लासातल्या फेसावरून सीएफयूचा आकडा मात्र कळत नाही, जिवंत की मेलेलं एवढंच.

दिंडोरी_मळा
मग बेकरीचं सुकं यीस्ट घेतलं तर? जात तीच म्हणता. गुळाच्या पाण्यात रात्रभर ठेवून मक्याच्या भरड्यात आंबवून द्यायचं, असं समाजमाध्यमांवर फिरतंय.

पशुवैद्य_येवला
जात तीच, स्ट्रेन वेगळा. बेकरीचं यीस्ट पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं, कोटीपोटात जिवंत राहून काम करतं का याची निवड झालेली नसते. काही ठिकाणी थोडा फायदा दिसेलही, हमी नाही.
आंबवण्याचा प्रकार मात्र बेभरवशाचा. रात्रभर गूळ आणि भरड्यात यीस्ट एकटं राहत नाही, हवेतली बुरशी, आंबट करणारे जिवाणू, सगळेच मेजवानीला येतात. मद्य आणि आम्ल तयार होतं, वर गूळ आणि बारीक भरडा म्हणजे पटकन आंबणारा खुराक. जी आम्लता टाळायची तीच वाढवून ठेवता. शिल्लक राहिलेलं आंबवण दुसऱ्या दिवशी देणं तर पोटफुगीला आमंत्रण.

येवला_मका
मुरघासाच्या तोंडाला पांढरट थर येतो, तेही यीस्टच ना? मग ते काढून का टाकतात?

पशुवैद्य_येवला
ते रानटी यीस्ट आणि बुरशी. मुरघास टिकतो तो लॅक्टिक आम्लावर. हवा लागली की हे यीस्ट ते आम्ल खातं, सामू चढतो, मुरघास गरम होतो आणि मग बुरशी पसरते. हात घातल्यावर आत ऊब लागली तर समजा सुरू झालं. उपाय म्हणजे रोज संपूर्ण तोंडावरून निदान १५-२० सेंमी थर काढला जाईल इतकाच खड्डा रुंद ठेवणं, उन्हाळ्यात आणखी जास्त. बॅग असेल तर उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपेल अशीच घ्या. पांढरा-निळा थर आणि त्याखालचे चार बोटं फेकून द्या, 'गाभण गाईला चालेल' असं नको.

बुरशीवरून आठवलं. 'यीस्टने टॉक्सिन बांधलं जातं' असं सांगून विकतात. ते यीस्टच्या पेशीभित्तिकेचं काम, जिवंत यीस्टचं नाही. आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला पेशीभित्तिकेपेक्षा बेंटोनाइट मातीचा बाइंडर बरा. मका ऑक्टोबरच्या पावसात भिजला की हा प्रश्न येतोच. दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, डेअऱ्या तपासायला लागल्यात.

घोटी_डांगी
इकडे इगतपुरीच्या बाजूला डांगी गाई. डोंगरावर चरतात, पावसात उभ्या राहतात, दीड-दोन लिटर देतात. यीस्ट द्यावं का?

हिशेबनीस
दीड लिटरवाल्या गाईला सहा रुपयांचं यीस्ट? तिला मिठाची वीट द्या आणि नमस्कार करा.

घोटी_डांगी
तेच ऐकायचं होतं. 😀

चांदवड_लासलगाव
टोमॅटोचा भाव पडला की लोक पिकअप भरून गाईपुढे ओततात, खराब कांदाही. त्यावर यीस्ट दिलं तर पचेल का?

पशुवैद्य_येवला
टोमॅटोत पाणीच ९०-९५ टक्के. जास्त खाल्ला की शेण पातळ, कोरडा चारा कमी. कांद्याने तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. यीस्टचा त्याच्याशी काही संबंध नाही, कांदा थोडा आणि कोरड्या वैरणीसोबत, कुजका कधीच नाही. हा विषय वेगळ्या धाग्यात घ्या, मोठा आहे.

सिन्नर_मुक्तगोठा
मूळ प्रश्नावर या. निफाडकरांचा आहार कुणी नीट बघितलाच नाही. मुरघास साडेचार किलो कोरडं, वाढं १.४, भुसकट ०.९, पेंड-भरडा-सरकी मिळून पावणेसात. एकूण साडेतेरा. म्हणजे निम्मा आहार खुराक आणि तोही दोनच वेळा, एका वेळी पावणेचार किलो! कोटीपोटाचं काय होणार? एका वेळी अडीच किलोच्या वर जाऊ नये.
फॅट ३.२ चं कारण गव्हाणीत आहे, पुडीत नाही.

निफाडकर, तीन गोष्टी बघून सांगा.
खाऊन झाल्यावर दोन तासांनी गोठ्यात जा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताहेत का? एका घासाला किती वेळा चावते ते मोजा, ५० ते ६० हवं. चाळीसच्या खाली म्हणजे लांब वैरण कमी.
मगभर ताजं शेण जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. काय उरतं? अख्खे मक्याचे दाणे, लांब काड्या, की शेंबडासारखे धागे?
कुट्टी किती लांबीची पडते?

निफाड_कालवा
बघितलं. बसलेल्यांपैकी तिसरा हिस्सा रवंथ करतो. चावणं ४० ते ४५. चाळणीत मक्याचे दाणे भरपूर, बरेच अख्खे, दोन गाईंच्या शेणात ते धागेही आहेत. शेणाला फेस येतो. मुरघासाची कुट्टी पाऊण सेंमीच्या आसपास, वाढंही त्याच मशीनमधून बारीक.

सिन्नर_मुक्तगोठा
मग झालं निदान. धागे म्हणजे आम्लतेचा त्रास मोठ्या आतड्यापर्यंत गेला, ते आतड्याच्या अस्तरावरून सुटलेले चिकट पापुद्रे आहेत. अख्खे दाणे म्हणजे मका उशिरा कापला, दाणा कडक झाला आणि मशीनमध्ये फुटला नाही. पुढच्या वेळी दाण्यातली दुधी रेषा अर्ध्यावरून दोन-तृतीयांशावर आली की कापा आणि दाणा फोडणारी मशीन बघा.

आत्ता करायचं ते: पेंड चार वेळा, धारेला दोनदा आणि मध्ये दोनदा मुरघासावर. भरडा दीडचा एक किलो. वाढ्याची कुट्टी दोन-अडीच सेंमी, त्यावर चुन्याच्या निवळीचा शिडकाव, कारण वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बाजरीचं सरमाड किंवा मक्याचा कडबा दीड-दोन किलो पेंडीच्या आधी. सोडा १२० ग्रॅम. पाणी चोवीस तास समोर, उन्हाळ्यात सावलीतलं.

पशुवैद्य_येवला
याला माझा पाठिंबा. भर एवढीच, की हा बदल आणि यीस्ट एकाच दिवशी सुरू करू नका. फॅट चढलं की श्रेय पुडीला जाईल. आधी तीन आठवडे आहार, मग यीस्ट.

निफाड_कालवा
पटलं. मग यीस्टने फरक पडला की नाही ते कसं कळणार? स्लिप सगळ्या दुधाची एकत्र येते.

हिशेबनीस
एकत्र स्लिपवर कळणार नाही. व्यायलेल्या तारखा जवळपास असलेल्या गाईंच्या दोन टोळ्या करा. आधी १० दिवस दोन्हींचं दूध गाईगणिक मोजा, तो पाया. मग एका टोळीला यीस्ट, दुसरीला तोच भुसा यीस्टशिवाय. पहिले तीन आठवडे आकडे बघूच नका, पोटातल्या जिवाणूंना बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरचे १० दिवस मोजा आणि फॅटचा नमुना प्रत्येक टोळीचा वेगळा काढा.
दोन टोळ्या का? शिखर गाठल्यावर गाय महिन्याला ८-१० टक्के दूध आपोआप उतरते. १६ लिटरची महिन्याने १५ वर आली तर ते यीस्टचं अपयश नसेल, दुसरी टोळी १४.५ वर आली असेल तर फायदा अर्धा लिटर. एकट्या गाईवर बघितलं तर हे दिसतच नाही.
फरक पाव लिटरच्या आत राहिला तर बंद करा.

निफाड_कालवा
ठरलं. सगळ्या गोठ्याला नाही, ताज्या व्यालेल्या आणि १५ लिटरच्या वरच्यांनाच. गाभणला कधीपासून आणि कधीपर्यंत?

पशुवैद्य_येवला
व्यायच्या २१ दिवस आधी सुरू करा, त्याच वेळी पेंडही हळूहळू चढवायची असते. व्याल्यावर १०० ते १२० दिवस. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल, गाय १२ लिटरवर असेल तर थांबवायला हरकत नाही. मार्च ते जून मात्र दूध टिकून असलेल्या गाईंना चालू ठेवा. थांबवताना हळूहळू कमी करायची गरज नाही, एकदम बंद केलं तरी अपाय होत नाही.

सटाणा_ताई
आणि म्हशी?

सिन्नर_मुक्तगोठा
ताई, म्हशींचा वेगळा धागा काढा. तिथे खुराक, फॅट, दर सगळंच निराळं, इथे घुसडलं तर निफाडकरांचा घोळ होईल.

कांडीवाला
निफाडकर, पुडी घ्यायला जाल तेव्हा आधी उत्पादनाची तारीख बघा, मग सीएफयू, मग भाव. एक किलोची घ्या, पाच किलोची स्वस्त पडली तरी नको. दहा गाईंना दिवसाला ३० ग्रॅम धरले तर किलो महिनाभर जातो. पाच किलो उघडून पाच महिने ठेवलेत तर शेवटचे दोन महिने भुसाच खायला घालाल.